साडेचार सूत

एक पट

आमच्या धंद्यात प्रत्येक चित्र तीनदा ठेवावं लागतं. एक पट, दोन पट, तीन पट. चित्र तेच असतं, फक्त ठिपके वाढत जातात. जुन्या फोनच्या पडद्यावर एका इंचात दीडेकशे ठिपके मावायचे, आता पाचशेसुद्धा मावतात. लहान चित्र अशा दाट पडद्यावर ताणलं की ते पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. म्हणून तीन प्रती ठेवायच्या आणि ज्या फोनला जी झेपेल ती त्यानं उचलायची.

ही गोष्टही मी तशीच ठेवते आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी एवढंच वाचावं:

माझ्या सासऱ्यांचं नळाच्या सामानाचं दुकान आहे. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. ते घरी असताना दुकान चालावं म्हणून मी एक अ‍ॅप लिहिलं. अ‍ॅपमुळे तीन वायसर चुकीचे गेले तर ऑपरेशन रद्द, अशी सासऱ्यांनी अट घातली. आठवड्याभरात तीन वायसर परत आले.

या आकारात याहून जास्त मावत नाही.


दोन पट

वायसर म्हणजे नळातली रबराची चकती. घरातली शांतता तिच्यावर अवलंबून असते, पण तिचं माप कुणालाच माहीत नसतं. लोक दुकानात येतात, खिशातून जुनी चकती काढतात आणि म्हणतात, "असाच द्या."

बाबा, म्हणजे माझे सासरे आणि गिऱ्हाइकांचे वायसरकाका, ती चकती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरतात, एकदा फिरवतात, आणि न बघता मागचा एक खण ओढतात. दुकानात भिंतभर लाकडी खण आहेत. त्यांच्यावर सुतात मापं लिहिलेली आहेत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तीन, साडेतीन, चार, साडेचार, असं वर आठपर्यंत. ही मापं बाबांनी कधी वाचली असतील असं मला वाटत नाही.

"चाळीस वर्षं झाली," ते कुणालाही सांगतात, "या काउंटरवरून चुकीचा वायसर गेलेला नाही."

गुडघा मात्र कामातून गेला होता. ऑपरेशनची तारीख दोनदा ठरली आणि दोनदा मोडली. पहिल्यांदा कारण असं की दुकानात माल यायचा होता. दुसऱ्यांदा कारण असं की माल आला होता.

तिसरी तारीख आईंनी ठरवली. माझ्या सासूबाई कमी बोलतात आणि बोलल्या की खिळा ठोकल्यासारखं बोलतात.

"पुढचा सोमवार," त्या म्हणाल्या. "डॉक्टरांशी माझं बोलणं झालंय. तुम्ही फक्त गुडघा घेऊन यायचं."

"आणि दुकान? सहा आठवडे?"

"सूनबाई बघेल."

मी बघणार म्हणजे माझं अ‍ॅप बघणार. मी गेली आठ वर्षं फोनवरची अ‍ॅप्स लिहिते. गिऱ्हाइकानं दुकानात यायचंच नाही. घरी नळ उघडायचा, जुना वायसर पुसून फोनच्या पडद्यावर ठेवायचा. खालचं सरकतं बटण ओढलं की पडद्यावरचं वर्तुळ लहान-मोठं होतं. वर्तुळ चकतीच्या कडेला भिडलं की ऑर्डर द्यायची. आई रोज सकाळी दोन तास दुकानात बसून, खणावरचा आकडा वाचून पाकिटं भरणार. माझा नवरा कामावर जाता जाता ती वाटणार. अंगठ्याची गरजच नाही.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. "ठीक आहे. आजपासून चालवा. मी खुर्चीत बसेन, कशालाही हात लावणार नाही. पण तीन वायसर चुकीचे गेले, तर ऑपरेशन रद्द. आणि चौथी तारीख कुणी काढायची नाही."

"तीन कशाला? एकच म्हणा की," नवरा म्हणाला.

"एखादा कुणाचाही चुकतो रे."

"तुमचा नाही ना चुकला चाळीस वर्षांत?"

"माझी गोष्ट वेगळी."

"मान्य," आई म्हणाल्या. त्या इतक्या पटकन म्हणाल्या की बाबांनी एकदा संशयानं त्यांच्याकडे बघितलं.

ऑफिसात तक्रारी लिहायला आमचा एक छापील नमुना असतो. त्याचे कोरे कागद मी आईंना दिले. पहिला दुसऱ्याच दिवशी भरला गेला.

तक्रार क्रमांक १, मंगळवार
गिऱ्हाईक: समोरची शिवणवाली
काय केलं: वायसर फोनवर ठेवला, वर्तुळ जुळवलं, ऑर्डर दिली.
काय व्हायला हवं होतं: नळ बंद.
काय झालं: नळ चालू. शिवणवालीही चालू.
दोष कुणाचा: फोनचा.

शेवटची ओळ बाबांनी खुर्चीतून सांगितली होती. आईंनी निमूट लिहून घेतली.

"काज मी डोळे मिटून कापते," शिवणवाली काउंटरवर हात आपटत होती, "आणि मला एक गोल जुळवता येणार नाही होय? फोनवर चपखल बसला, नळात बसला नाही!"

तिची चकती पाच सुताची होती आणि तिला गेला होता चार. बाबांनी खुर्चीतूनच मला विचारलं, "का गं, पडद्यावरच्या त्या गोलाला कधी पट्टी लावून बघितली होतीस?"

नव्हती लावली.

आता हे कसं झालं ते सांगते, कारण अशी चूक फक्त आमच्या धंद्यातली माणसंच करू शकतात. फोनचे पडदे वेगवेगळे, ठिपके कमीजास्त, म्हणून आम्ही ठिपक्यांत काही मोजतच नाही. आम्ही एक मानलेलं माप वापरतो. पडदा कसाही असो, या मापाचे एकशेसाठ झाले की एक इंच झाला असं धरायचं. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. ज्याला यातलं काही कळत नाही त्यानं सरळ पट्टी लावून बघितलं असतं. मला कळत होतं, म्हणून मी लावली नाही.

आणि 'धरायचं' म्हणजे नुसतं धरायचं. फोन बनवणारे त्यात आपल्या सोयीनं कमीजास्त करतात. वर शिवणवालीला बारीक दिसत नाही, म्हणून तिनं फोनमधली अक्षरं, चित्रं, सगळंच मोठ्यात मोठं करून ठेवलं होतं. तिच्या पडद्यावर माझा इंच सव्वा इंच झाला होता. चार सुताचं वर्तुळ पाचचं दिसत होतं. तिनं ते अचूक जुळवलं होतं, बिचारीनं.

ऑफिसात चित्रं काढणारा एक मित्र आहे. एक ठिपका जरी इकडचा तिकडे झाला तरी त्याला तीन खुर्च्यांवरून दिसतो, म्हणून त्याला सगळे ठिपका म्हणतात.

मी: कपाटातले तपासणीचे फोन हवेत. सगळे.
ठिपका: किती दिवस? कशाला?
मी: आठवडाभर. वायसर मोजायला.
ठिपका: रजिस्टरमध्ये काय लिहू? नळदुरुस्ती?
मी: एक इंच म्हणजे किती रे?
ठिपका: कुठल्या फोनवर?
मी: हाच तर घोळ आहे.

बुधवारी अकरा फोन आणले. दुकानाच्या काउंटरवर एका ओळीत मांडले आणि प्रत्येकावर एक इंचाची रेघ काढून पट्टी लावली. अकरांपैकी दोघांचाच इंच इंचाएवढा निघाला. बाकीच्यांचं आपापलं मत होतं. बाबा खुर्चीतून मान उंच करून बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर बरेच दिवसांनी तेज आलं होतं.

"हा काय म्हणतो?"

"इंचाला थोडा जास्त."

"आणि हा छोटा?"

"इंचाला बराच कमी."

"माझ्याकडे एकच पट्टी आहे बघ," ते म्हणाले. "तिचं कधी मतच नसतं."

मी त्या दुपारी अ‍ॅप बदललं. आता मानलेलं माप नाही, थेट फोनलाच विचारायचं: सांग रे, तुझ्या पडद्यावर इंचाला खरे ठिपके किती? फोनच्या पोटात ही माहिती लिहिलेली असते. अकराच्या अकरा फोनांनी बरोबर उत्तर दिलं. पट्टी लावली, बरोबर. शिवणवालीला तिचा पाच सुताचा वायसर स्वतः नेऊन दिला. तिनं तो बसवून, नळ बंद करून, वर दोन मिनिटं बघत उभी राहून मग मला चहा विचारला.

तक्रार क्रमांक २, गुरुवार
गिऱ्हाईक: बेकरीवाला
काय केलं: सगळं.
काय व्हायला हवं होतं: वायसर नळात जायला हवा होता.
काय झालं: गेला नाही. हातोडीनं घालून बघितला. तरी नाही. आता नळही नाही.
दोष कुणाचा: फोनचा.

बेकरीवाल्याच्या हातातला फोन स्वस्तातला होता. मी त्याच्या पोटातला आकडा बघितला: तीनशेवीस. पट्टी लावून ठिपके मोजले: चारशे. बनवणाऱ्यानं दुसऱ्या कुठल्या तरी फोनचा आकडा उचलून याच्यात टाकून दिला होता, आणि फोन मला तोच शपथेवर सांगत होता. त्यामुळे माझं पाच सुताचं वर्तुळ त्याच्या पडद्यावर चारचं झालं होतं. त्याचा वायसर चारचा, आणि आमच्या पाकिटातून गेला पाचचा.

"फोन खोटं बोलतो?" बेकरीवाल्यानं विचारलं.

"हा बोलतो," मी म्हणाले.

"दोन," बाबा म्हणाले. त्यांनी कुणाकडे न बघता हवेतच दोन बोटं धरली होती.

आईंनी कागद घडी करून पहिल्या कागदाखाली ठेवला आणि बाबांना विचारलं, "दवाखान्यात नेसायला दोन लुंग्या पुरतील की तीन घेऊ?"


तीन पट

मानलेलं माप झालं, फोनची साक्ष झाली. आता उरलं काय?

गुरुवारचा अख्खा दिवस मी त्या काउंटरशी बसून काढला. समोर बाबा खुर्चीत, हात मांडीवर, जणू कुणी बांधून ठेवलेत. गिऱ्हाइकं येत आणि सवयीनं चकती त्यांच्यासमोर धरत. बाबा दोन्ही हात मागे घेत आणि म्हणत, "मी नाही. तिकडे. विज्ञान तिकडे आहे."

मी त्यांना विचारलं, "बाबा, तुम्ही अगदी नवीन होतात, अंगठा शिकलेला नव्हता, तेव्हा काय करायचात?"

"काय करणार? खणातला एक काढायचा, त्याच्यावर ठेवायचा. नाही जुळला तर दुसरा. वस्तूवर वस्तू ठेवली की ती खोटं बोलत नाही."

मी उठलेच. वस्तूवर वस्तू! फोनचा पडदा कितीचा आहे ते फोनलाही विचारायचं नाही आणि माझ्या पुस्तकालाही नाही. जगात सगळीकडे एकाच मापाची असलेली, प्रत्येकाच्या खिशात असलेली एखादी वस्तू पडद्यावर ठेवायला सांगायची, आणि तिच्यावरून पडदा मोजायचा. अशी वस्तू आहे. बँकेचं कार्ड. बँक कुठलीही असो, कार्ड मिलिमीटरभरही इकडचं तिकडे नसतं.

संध्याकाळपर्यंत नवीन पान तयार झालं. आधी कार्ड पडद्यावर ठेवा, दोन्ही बाजूंच्या रेघा ओढून कार्डाच्या कडांना लावा, मग वायसर ठेवा.

"नळ गळतोय आणि ही कार्ड मागतेय," बाबा म्हणाले. "लोक पोलिसांत जातील."

"नंबर नको आहे बाबा, कार्ड उलटं ठेवलं तरी चालतं."

"तसं लिहिलंयस का?"

नव्हतं लिहिलं. लिहिलं.

शुक्रवारी नऊ ऑर्डरी आल्या. बेकरीवाल्याची परत आली, ती धरून नऊ. नऊच्या नऊ बसल्या. बेकरीवाल्यानं पावाची लादी पाठवली. दाट पडद्याचे फोन, विरळ पडद्याचे, अक्षरं मोठी केलेले, काचेला तडा गेलेले, सगळ्यांचा इंच एक झाला होता. आठ वर्षांत मला माझ्या कामाचा एवढा आनंद झालेला आठवत नाही. मी खणांसमोर उभी राहून एकटीच हसत होते.

बाबा हसत नव्हते. दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. त्यांनी पाय लांब केला, गुडघ्यावरून हात फिरवला आणि इकडचं तिकडचं बोलल्यासारखं विचारलं, "सूनबाई, तुझा तो फोन. बंद करून परत चालू केला, तर आतलं सगळं जसंच्या तसं असतं?"

"असतं."

"सगळं? काहीच विसरत नाही?"

"नाही बाबा."

"हं." त्यांनी पाय जवळ घेतला. "माणसाला भूल देतात तेव्हा काय होतं कुणास ठाऊक. माझ्या ओळखीचे एक जण, उठल्यावर दोन दिवस बायकोला वहिनी म्हणत होते."

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. गेल्या दोन तारखा मालामुळे मोडल्या नव्हत्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"आपण डॉक्टरांना विचारू," मी म्हणाले. "हल्ली कमरेखालीच भूल देतात म्हणे. तुम्ही जागेच असता."

"मग तर आवाज ऐकू येणार," बाबा म्हणाले. "करवतीचा."



शनिवारी सकाळी दंतवैद्य आले. हे गल्लीच्या टोकाला दात बघतात. त्यांनी एक लहान डबी काउंटरवर ठेवली, ज्यात बहुतेक दात ठेवत असावेत, आणि त्यातून दोन वायसर काढले. एक जुना, काळपट. एक आम्ही पाठवलेला.

"माझं काही चुकलं असेल तर सांगा," ते म्हणाले. "काल रात्री कार्ड ठेवलं. रेघा लावल्या. दोनदा तपासलं. वायसर ठेवला, साडेचार सूत आलं. तुम्ही साडेचार पाठवला. दोन्ही मी व्हर्निअरनं मोजले, हुबेहूब सारखे आहेत. फक्त नवीन नळात जात नाही."

मी दोन्ही वायसर फोनवर ठेवून बघितले. साडेचार. दुसऱ्या फोनवर, साडेचार. पट्टीवर, साडेचार. आठवड्याभरात पहिल्यांदा पडदा, पट्टी आणि व्हर्निअर या तिघांचं एकमत होतं.

"मग बसत का नाही?" मी विचारलं, खरं तर स्वतःलाच.

बाबांनी आईंकडे बघितलं. "हात लावू?"

"लावा," आई म्हणाल्या.

त्यांनी जुना वायसर चिमटीत धरला, फिरवला. पाच दिवस उपाशी असलेल्या माणसासारखं त्यांचं बोट त्या चकतीवरून फिरलं. "हा चार आहे," ते म्हणाले.

"साडेचार आहे बाबा. तीन तऱ्हांनी."

"आज साडेचार आहे. नळात गेला तेव्हा चार होता. आता सांगा बरं डॉक्टर, किती वर्षं झाली?"

"हा नळ? दवाखाना घेतला तेव्हाचा. दहा-अकरा वर्षं."

"दहा वर्षं वरून दाब आणि खालून पाणी. पसरला बिचारा. ही कड बघा, ओठ काढल्यासारखी बाहेर आलीये." त्यांनी खण न बघता ओढला आणि चारचा वायसर दंतवैद्यांच्या हातावर ठेवला. "पसरलेल्याला पसरलेल्या मापाचा दिला तर तो बसायचा कसा?"

"आणि कालचे नऊ?" मी विचारलं.

"नवे असतील. दोन-तीन वर्षांतले. ते पसरत नाहीत."

"म्हणजे जुना आला की तुम्ही एक नंबर कमी देता?"

"देतो की."

"नेहमी?"

"नेहमी कसा? किती दबलाय त्यावर. कधी अर्धा सूत, कधी एक. कधी नाहीच."

"आणि ते कशावरून ठरवता?"

बाबांनी स्वतःच्या अंगठ्याकडे बघितलं. जणू त्यानंच परस्पर काही तरी करून ठेवलं होतं आणि यांना आज कळत होतं. "ठरवत नाही," ते म्हणाले. "ओढला जातो खण."

दंतवैद्य अर्ध्या तासानं फोन करून म्हणाले, बसला, थेंबही नाही.

म्हणजे बाबा जिंकले. बुधवारी मी आमच्या वर्तुळाच्या कडेवर एका केसाएवढा फरक शोधत होते, आणि इकडे फरक अर्ध्या सुताचा होता, वस्तूतच होता, आणि कुठल्याही पडद्यावर दिसणारा नव्हता.

"तिसरा कागद आणा," बाबा म्हणाले. "हा मी भरतो."

कागद ते घरी घेऊन आले. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर, ताटं उचलायच्या आधीच, त्यांनी चष्मा लावून तो समोर ओढला. आम्ही सगळे टेबलाशी होतो. आई मात्र उठल्या. आतून दवाखान्याची भरलेली पिशवी आणून त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि तिच्यातली एकेक वस्तू बाहेर काढायला लागल्या. टॉवेल. कंगवा. लुंग्या तीन.

"ते काय काढतेस?" बाबांनी विचारलं.

"तीन झाले ना. मान्य केलं होतं मी."

"अगं, मग लगेच काय काढायचं? लिहितोय ना अजून."

"लिहा. मी अडवलंय का?"

ते लिहायला लागले. गिऱ्हाईक: दंतवैद्य. काय केलं: सगळं नीट. काय व्हायला हवं होतं: चार. काय झालं: साडेचार. पेन शेवटच्या रकान्यापाशी आलं आणि थांबलं.

"लिहा, फोनचा," मी म्हणाले. मला वाईट वाटत होतं, पण अट ती अट. "मागचे दोन तसेच लिहिलेत."

"मागचे दोन फोनचेच होते. याला काय झालंय? साडेचार होता, हा साडेचार म्हणाला. यापेक्षा जास्त फोननं काय करायचं?"

"मग माझा लिहा. अ‍ॅप माझं आहे."

"तुला माहीत होतं, वायसर पसरतो ते?"

"नाही."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग तुझा कसा?"

"गिऱ्हाइकाचा लिहा," नवरा म्हणाला.

"तो बिचारा व्हर्निअर घेऊन बसला होता. त्याचा?"

"मग उरलं कोण?" नवऱ्यानं विचारलं. त्याला खरंच कळलं नव्हतं. तो लहानपणापासून असाच आहे.

आईंनी साबणाची डबी पिशवीतून काढून टेबलावर ठेवली.

चाळीस वर्षं. या काउंटरवरून चुकीचा वायसर गेलेला नाही. दुकानाच्या पाटीवर ते लिहिलेलं नाही, पण बाबांना भेटलेल्या प्रत्येकाला ते पाठ आहे. 'फोनचा' एवढा एकच शब्द लिहिला की ते वाक्य शाबूत राहत होतं. गुडघाही राहत होता, होता तसा. करवत नाही, भूल नाही, उद्या सकाळी दुकान. त्यांना फक्त लिहायचं होतं, आणि आमच्यापैकी कुणीही हूं की चूं केलं नसतं. आईंनीसुद्धा.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत लावला. पेन टेकवलं.

दोष कुणाचा: माझा. सांगायचं राहिलं.

"घे," त्यांनी कागद आईंच्या दिशेनं सरकवला. "फोनचे दोनच. तिसरा माझ्यात धर."

आईंनी कागद वाचला. "चाळीस वर्षांतला पहिला का?"

"पहिला."

"चला. माणसांत आलात," त्या म्हणाल्या, आणि टॉवेल नव्यानं घडी करून पिशवीत घालायला लागल्या. घडी नीट येत नव्हती. दोनदा मोडून तिसऱ्यांदा घातली. बाबांनी ते बघितलं आणि साबणाची डबी स्वतः उचलून त्यांच्या हातात दिली.

मग रविवारची सगळी दुपार आम्ही दुकानातून आणलेल्या जुन्या वायसरांच्या डब्यात हात घालून बसलो. बाबा एकेक उचलायचे आणि मी त्यांना थांबवायचे. "आता काय बघितलंत?" "काही नाही." "मग एक नंबर कमी का म्हणालात?" "थांब, परत धरतो." असं करत करत अंगठ्याच्या तोंडून एकेक गोष्ट निघत गेली. मधे नख दाबा. खूण उमटून भरून आली तर जिवंत, माप आहे तेच धरा. खूण तशीच राहिली तर दबलेला, अर्धा सूत कमी. नख उमटतच नसेल तर दगड झालाय, कडेचा ओठ बघा, आणि ओठ असला तर एक सूत कमी. आपण हे सगळं बघतो, याचं सगळ्यात जास्त आश्चर्य बाबांनाच वाटत होतं.

मी प्रश्न लिहिले. ठिपक्याला तीन चित्रं मागितली: जिवंत, दबलेला, दगड. त्यानं विचारलं, किती पटीत? तिन्ही, मी म्हटलं. नऊ चित्रं रबराची? त्यानं विचारलं. आणि ओठ स्पष्ट दिसायला हवा, मी म्हटलं. त्यानं लिहिलं: नमुना पाठव, हातात धरल्याशिवाय मला जमणार नाही.

सोमवारी सकाळी आठ वाजता बाबा दवाखान्यातल्या चाकांच्या खाटेवर, हिरव्या चादरीखाली होते. डोक्याला कागदाची टोपी होती आणि तिच्यात ते बेकरीवाल्यापेक्षा जास्त बेकरीवाले दिसत होते. भूल कमरेखालचीच ठरली होती. कानात घालायला नर्सनं कापूस दिला होता, तो त्यांनी अजून घातला नव्हता, कारण बोलायचं राहिलं होतं.

"पितळी नळाचं लिहिलंस?"

"लिहिलं."

"कडक पाण्याच्या भागात पांढरा थर येतो वायसरवर, तो खरवडून मग मोजायला सांग."

"सांगते."

"काका, आता पुरे," नर्स म्हणाली आणि तिनं चाकांचा अडसर काढला.

"थांबा हो बाई, एकच. सूनबाई, गरम पाण्याच्या नळाचं सगळं वेगळं असतं."

"काय वेगळं?"

गाडी हलली. बाबांनी उशीवरून मान वळवली, आईंकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज काउंटरवरचाच होता.

"ते बाहेर आल्यावर सांगतो," ते म्हणाले, आणि कापूस कानात घातला.

मी कागदावर 'गरम पाणी' असं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली.